फ्रिजियन शब्दकोश ऑनलाइन: वापर बघायला झकास, उगमाला अपुरा (५ पैकी ४ स्टार)

नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलंड प्रांत आहे, तिथली भाषा फ्रिजियन, डचची बोली वगैरे नाही हां, स्वतंत्र भाषा. तिचा थोरला शब्दकोश 'वुर्डबुक फान दे फ्रिस्के ताल' तिथल्या फ्रिस्के अकादमीने १९८४ ते २०११ मध्ये २५ खंडांत काढला, आणि आता तो नेटवर चक्क फुकट आहे. मी टेस्टला एकच शब्द घेतला, 'केनिंग', म्हणजे राजा.

वापराच्या बाबतीत तोड नाही. पण एक गंमत लक्षात ठेवा, कोशात भाषा आहे १८०० ते १९७५ ची, आणि १८९० पासून २०१३ पर्यंत डच गादीवर ओळीने राण्याच होत्या, म्हणजे 'केनिंगिन्ने', त्यामुळे विलेम-अलेक्झांडर आल्यावर लोक पुन्हा 'केनिंग' म्हणायला लागले तो काळ यात शोधू नका. अर्थ सगळे डचमध्ये दिलेत, तेव्हा डच येत नसेल तर ट्रान्सलेटर उघडा ठेवूनच बसायचं, वैताग आहे जरा.

उगम हवा असेल तर मात्र बाहेर पडावं लागतं. मध्ययुगातल्या फ्रिजियन कायद्यांत 'केनिंग केर्ल' भेटतो, तो म्हणजे फ्रँकांचा सम्राट शार्लमेन, त्यानेच फ्रिजियनांना स्वातंत्र्य बहाल केलं अशी दंतकथा, पण तो काळ या कोशाच्या हद्दीबाहेरचा. त्याच साइटवर जुन्या डचचा कोश आहे, त्यात 'कुनिंग' बघा, तिथून या सगळ्या भाषांच्या जर्मॅनिक पूर्वज भाषेतल्या मूळ 'कुनिंगाझ' पर्यंत जाता येतं. फिनिशने हा शब्द फार पूर्वी उचलला आणि 'कुनिंगास' म्हणून जवळपास जसाच्या तसा जपला, भारीच ना! बहुतेक अभ्यासक त्याचं नातं कुळ या अर्थाच्या शब्दाशी लावतात, म्हणजे राजा हा चांगल्या कुळातला माणूस, आणि तो कुळवाला धातू आपल्या 'जन', 'जन्म' चा चुलतभाऊ.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. फ्रिजियनमध्ये चीजला 'त्सीस' म्हणतात, चर्चला 'त्स्येर्के', डचमध्ये तिथे सरळ क आहे, मग केनिंगचा क का नाही बदलला? कारण क चा त्स होऊ लागला तेव्हा या शब्दात पुढे उ होता, तो ए व्हायला उशीर झाला, तोवर क वाचला. इंग्लिशच्या किंगचंही तेच. यासाठी कोश पुरत नाही, भाषेच्या इतिहासाचं पुस्तक काढावं लागतं, म्हणून एक स्टार कापला.