बिलात ‘एसएस ३०४’, दारात गंजकं लोखंड

देवगडजवळच्या आमच्या घराला नवी दारं बसवली, तेव्हा ठेकेदाराच्या बिलात एक ओळ अगदी ठळक होती: ‘सर्व बिजागऱ्या, कड्या व स्क्रू एसएस ३०४’, म्हणजे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. समुद्र जवळ, खारा वारा बारमाही, म्हणून जास्तीचा दर आम्ही खळखळ न करता मान्य केला. एक पावसाळा गेला आणि पुढचं सागवानी दार खाली बसलं. कडी कोयंड्यात जाईना, दाराचा कोपरा फरशीवर घासू लागला, आणि बिजागऱ्यांभोवतीच्या कोऱ्या सागावर शाईसारखे काळे ओघळ उतरले.

गावातले जुने सुतार आले. त्यांनी वरच्या बिजागरीच्या स्क्रूला पेचकस लावला, अर्धा पीळ दिला आणि स्क्रूचं डोकं तुटून त्यांच्या तळहातावर पडलं. दांडा चौकटीतच राहिला. ते म्हणाले, “बाय, ह्यो स्टीलचो स्क्रू न्हय. निसता लोखांड आसा.”

मग आम्ही सगळीच दारं तपासली आणि फसवणूक किती विचारपूर्वक केली होती ते कळलं. बिजागऱ्या खऱ्या स्टीलच्या होत्या. कुलपाच्या पट्टीचे आणि हँडलचे स्क्रूही खरे होते, कारण ते रोज डोळ्यांसमोर येतात. दार मिटलं की जे झाकले जातात ते बिजागऱ्यांचे स्क्रू मात्र लोखंडी, वरून जस्ताचा चकचकीत मुलामा. नवा असताना असा स्क्रू आणि स्टीलचा स्क्रू शेजारी ठेवले तरी सवय नसलेल्या माणसाला फरक कळत नाही. खाऱ्या हवेत तो पातळ थर लवकर जातो, आणि ओलाव्यात स्टीलच्या मोठ्या पत्र्याला चिकटून असलेला इवलासा लोखंडी स्क्रू एरवीपेक्षा झपाट्याने गंजतो. काळे ओघळ हे ओल्या लोखंडाचा लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग होऊन पडलेले डाग होते. ते पॉलिशखाली झाकता येत नाहीत.

दुसरी लबाडी लांबीची. स्क्रूचं माप दुकानात ‘३५ बाय ८’ असं बोलतात: पहिला आकडा लांबी मिलिमीटरमध्ये, दुसरा जाडीचा नंबर. ८ नंबर म्हणजे साधारण ४.२ मिमी जाड, १० नंबर ४.८ मिमी. सात फूट उंच आणि तीन फूट रुंद सागवानी दार सहज चाळीस किलोच्या आसपास भरतं. त्या वजनाने वरची बिजागरी सतत चौकटीतून बाहेर ओढली जाते, म्हणून तिथला स्क्रू लाकडात खोलवर हवा. आमच्या पाच इंची बिजागऱ्यांना १० नंबरचे ५० मिमी स्क्रू ठरले होते. निघाले पाऊण इंची, म्हणजे १९ मिमी, तेही ८ नंबर. त्यातले तीनेक मिलिमीटर बिजागरीच्या पत्र्यातच गेले. डोकं लहान, भोक मोठं, त्यामुळे बिजागरी आतल्या आत सरकत होती. असा स्क्रू चाळीस किलो किती दिवस पेलणार?

न्हाणीघराच्या दाराला तर काळे जिप्समचे स्क्रू मारले होते. छताच्या जिप्सम बोर्डासाठी ते उत्तम आहेत, दारासाठी नाहीत. ते कडक पाणी दिलेल्या पोलादाचे असतात, वाकायच्या आधी कटकन तुटतात. शिवाय त्यांचं डोकं कर्ण्यासारखं पसरट असतं, बिजागरीच्या खोलगट भोकात नीट बसत नाही, वर उरतं आणि दार मिटताना पाती एकमेकींवर अडतात. कामगारांना ते आवडतात कारण मशीनने भोक न पाडता सरळ घुसतात. तुमच्या घरी दाराच्या कामावर काळ्या स्क्रूंचं पाकीट दिसलं, तर काम तिथेच थांबवा.

जांभ्याच्या भिंतीत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून त्यांत चौकटीचे स्क्रू पिळले होते, हाही त्यातलाच प्रकार. जांभा भोकाभोवती भुगा होतो. तिथे होल्डफास्टच हवेत, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या. बिलात ते होते, भिंतीत नव्हते.

ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, कोकणातली हवाच तशी. इथे स्टीलसुद्धा गंजतं.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक गप्प बसतात. समुद्राकाठी ३०४ वर तपकिरी डाग येतात हे खरं. पण ते वरवरचे असतात, घासले की जातात. एका पावसाळ्यात ३०४ च्या स्क्रूचं डोकं कुजून तुटत नाही. आणि समुद्राला अगदी लागून घर असेल तर ३१६ घ्यावं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. ठेकेदाराला कोकणातली हवा ठाऊक होती, तर त्याने तेच सुचवायला हवं होतं.

आता चुंबकाबद्दल. लोखंडी स्क्रूला चुंबक घट्ट चिकटतं, ३०४ ला चिकटत नाही, फार तर किंचित ओढ जाणवते. एवढ्या एका परीक्षेत आमचे स्क्रू उघडे पडले असते. पण चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ च, असं समजू नका. बाजारात २०२ नावाचं स्वस्त स्टील आहे. त्यात महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. चुंबक त्यालाही चिकटत नाही आणि खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा लवकर डागाळतं. खोक्यावर नुसतं ‘एसएस’ लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, ग्रेड छापलेला हवा. मोठे भंगारवाले आणि स्टीलचे व्यापारी एक द्रावण ठेवतात, त्याचा थेंब टाकला की २०० मालिकेचं स्टील (२०२ त्यातलंच) रंग बदलून ओळख देतं. मोठी खरेदी असेल तर तेवढी तपासणी करून घ्या.

पितळी बिजागऱ्या घेणाऱ्यांनीही चुंबक लावून पाहावं. खऱ्या पितळेला ते अजिबात चिकटत नाही, आणि पितळी म्हणून विकले जाणारे कितीतरी स्क्रू पिवळा मुलामा दिलेले लोखंडी असतात. खरे पितळी स्क्रू मऊ असतात. चांगला सुतार आधी बारीक भोक पाडतो, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून काढतो, मग साबण किंवा मेण लावून पितळी बसवतो. याला वेळ लागतो. म्हणून घाईचा मिस्त्री स्क्रू हातोडीने दोन तृतीयांश ठोकतो आणि शेवटचे दोन पीळ तेवढे देतो. ठोकलेल्या स्क्रूने लाकडाचे तंतू फाटतात, आट्यांना धरायला काही उरत नाही. आमच्या दारांत हेही झालं होतं. सुतारकाकांना तुटलेले दांडे कोरून काढावे लागले, त्या जागी सागाच्या खुंट्या डिंकाने बसवाव्या लागल्या आणि मग नवे स्क्रू मारता आले. स्क्रूंपेक्षा ही मजुरी कितीतरी जास्त झाली. मला सर्वांत राग याचा आहे: ठेकेदाराने वाचवले काही शेकडे, आणि नासवली चांगली सागवानी चौकट.

ठेकेदाराने शेवटी स्क्रूंची किंमत परत द्यायची तयारी दाखवली, मजुरीचं नाव काढलं नाही. मी ते नाकारलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ठेकेदाराचं काम ही सेवा आहे, आणि त्रुटी निघाल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी ग्रेड आणि माप लिहिलेलं बिल हवं, काढलेले स्क्रू कोणत्या दाराचे ते लिहून पिशवीत ठेवलेले हवेत, आणि काढतानाचे फोटो हवेत. सुतार जुना माल सवयीने फेकून देतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि ज्यांचं काम अजून चालू आहे, शेवटचा हप्ता द्यायचा आहे, त्यांनी आजच एक करा. ठेकेदारासमोर पुढच्या दाराच्या वरच्या बिजागरीतला मधला स्क्रू काढायला लावा. पट्टी लावून लांबी मोजा, चुंबक लावा, बिलाशी ताडून पाहा. तो काढायला टाळाटाळ करू लागला, तर पैसे देऊ नका.