रत्नागिरीतलं ट्रॅव्हल ऑफिस: तिकीट रद्द करायला गेलो तेव्हा

मारुती मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर हे छोटं ऑफिस आहे. एक काकू चालवतात, मदतीला एक मुलगा. तिकीट काय, मोबाइलवरही निघतं. माणसाची पारख होते ती तिकीट रद्द करायची वेळ आली की.

ऑक्टोबरात दुबईच्या एका टेक परिषदेत मी बोलणार होतो. आंब्याच्या बागेत लावलेले हवामानाचे सेन्सर खाऱ्या वाऱ्याने गंजतात, त्यावर आम्ही काय उपाय केला, हा विषय. बरोबर माझा जोडीदार. आम्ही सात वर्षं एकत्र राहतो, आणि सेन्सरची पेटी त्यानेच बनवली आहे. तिकिटं, व्हिसा सगळं झालं आणि मग मी तिथले कायदे वाचायला बसलो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमाच्या धाकातून आम्हाला सोडवलं. तिथे समलिंगी संबंध अजून गुन्हा आहे. आयोजक म्हणाले, कोणी विचारत नाही. पण त्या भरवशावर त्याला नुसता मित्र म्हणून न्यायचं, वेगळ्या खोलीत ठेवायचं, हे मला जमेना. नकार कळवून टाकला.

काकूंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दोघांचीही रद्द करायची ना?" आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली.

मूळ भाडं परत न मिळणारं होतं. पण विमानतळाचे कर आणि शुल्कं अशा तिकिटावरही परत द्यावी लागतात. काकूंनी प्रिंट काढून त्या रकमांभोवती लाल पेनाने गोल केले. मागे दुसऱ्या एका एजंटने मला "यातलं काहीच मिळत नाही" म्हणून परत पाठवलं होतं, ते तेव्हा आठवलं. व्हिसाचे पैसे मात्र गेले, तेही त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मुंबईपर्यंतच्या रेल्वेच्या थर्ड एसीचे माणशी १८० रुपये आणि जीएसटी कापले गेले. बाकी पैसे अकराव्या दिवशी खात्यात आले.

टेबलावरच्या काचेखाली, आखाताला जाणाऱ्यांसाठी मराठीत हाताने लिहिलेला एक कागद आहे. खसखस नेऊ नये, तिथे बंदी आहे, म्हणून अनारसेही नकोत. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल यांची परवानगी आधी घ्यावी. आपल्याकडून किती पोरं तिकडे कामाला जातात, त्यांच्या आया डबे भरून देतात. या कागदाने कुणाचं तरी संकट नक्की टळलं असेल. काकू कागदाकडे बघत म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांसाठी यात काहीच नाही रे. काय लिहू, सांग." काच उचलून त्यांनी खाली ओळ घातली: "समलिंगी जोडप्यांनी तिकीट काढण्याआधी तिथला कायदा विचारावा, आम्ही सांगू." माझ्या जोडीदाराने ती दोनदा वाचली. इतक्या वर्षांत या गावात कुठल्याही दुकानात आमच्यासाठी असं काही लिहिलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

तक्रार एकच. दुपारी एक ते चार ऑफिस बंद, फोनही उचलत नाहीत. कोकणात हे चालतं, पण विमानाचं तिकीट बदलायचं असेल तर तीन तास फार होतात. त्या वेळेपुरता एखादा नंबर द्यावा.

जानेवारीत कोचीला एक छोटा मेळावा आहे, तिथे हेच भाषण द्यायचं ठरलंय. काकूंनी नेत्रावतीची दोन तिकिटं काढून दिली, दोन्ही लोअर बर्थ, समोरासमोर.