‘ताई, आधी फक्त अर्धे पैसे’ : व्हिडिओच्या नावाखाली आम्ही ८२ हजार घालवले

आमचा कराडजवळ लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरं, अशी चार तेलं काढतो. २०२२ मध्ये केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेतून कर्ज काढून दोन घाणे बसवले, त्यावर ३५ टक्के अनुदान मिळालं. घाण्यावर मी, माझे पती, सासूबाई आणि गावातल्या दोन बायका, एवढीच माणसं. अडीच-पावणेतीन किलो दाण्यांतून एक किलो तेल निघतं, त्यामुळे भाव रिफाइंडपेक्षा बराच जास्त ठेवावा लागतो. हा भाव का, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हेच आमचं सगळ्यात मोठं काम. घाणा डोळ्यांनी पाहिलेला माणूस भाव विचारत नाही. पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक घाणा बघायला येणार कसं? म्हणून व्हिडिओ करायचं डोक्यात होतं, आणि ते चूक नव्हतं असं मला आजही वाटतं. चुकलं ते माणूस पारखण्यात.

ऑगस्ट २०२४ मध्ये फोन आला. ‘ताई, तुमचं फेसबुक पेज पाहिलं. तुमच्या प्रॉडक्टमध्ये स्टोरी आहे हो, पण ती दिसत नाही.’ बोलणं गोड आणि अदबशीर. पुण्यात ऑफिस आहे म्हणाला, छोट्या व्यावसायिकांसाठीच काम करतो म्हणाला. व्हॉट्सअॅपवर सहा व्हिडिओ पाठवले. एक सोलापूरच्या चादरीच्या कारखान्याचा होता. मागावरून धागा सरकतोय, म्हातारे विणकर चष्मा वर करून नक्षी तपासताहेत, मागे मागाचा खटखट आवाज. तो बघताना सासूबाई म्हणाल्या, ‘असंच आपलं झालं पाहिजे.’ त्या एका व्हिडिओवर आम्ही भुललो.

पॅकेज ९५ हजारांचं. दोन मिनिटांची एक मोठी फिल्म, बारा रील, ड्रोनचं चित्रीकरण, यूट्यूब चॅनेल काढून देणं आणि तीन महिने ‘प्रमोशन’. ‘ताई, आधी फक्त अर्धे पैसे. बाकीचे काम बघून.’ ४७,५०० रुपये त्याच दिवशी पाठवले. करार मागितला तर म्हणाला, ‘कोटेशन पाठवलंय ना, तोच करार.’ कोटेशनमध्ये शूटिंग किती दिवस, माणसं किती, कॅमेरा कोणता, कच्चं चित्रीकरण कोणाचं, यातलं काहीही नव्हतं. एकच ओळ होती : ‘संपूर्ण ब्रँड व्हिडिओ सोल्यूशन.’

पंधरा दिवसांनी ड्रोनच्या सरकारी परवानगीचे ८ हजार मागितले, मग संगीताच्या परवान्याचे साडेसहा हजार. दोन्ही दिले. नंतर कळलं की ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे सरकारच्या नकाशावर जो भाग हिरवा दाखवलाय, तिथे ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगीच लागत नाही. आपला भाग कुठल्या रंगात येतो हे कुणालाही डिजिटल स्काय पोर्टलवर बघता येतं. आम्ही बघितलं नाही.

शूटिंगच्या दिवशी सकाळी नऊची वेळ होती. आम्ही पाचला उठून घाणे धुतले, दाणे निवडले, दोन्ही बायकांना नवीन साड्या नेसायला सांगितल्या. साडेअकराला एक विशीतला मुलगा मोटरसायकलवरून आला. त्याच्याकडे मोबाइल आणि मोबाइल धरायची दांडी. माइक नाही, दिवे नाहीत, ड्रोन नाही. ‘सर मागून येतायत’ म्हणाला. सर आलेच नाहीत. घाण्याच्या खोलीत उजेड कमी, एकच खिडकी. त्याने खिडकीसमोर उभं राहून शूट केलं, म्हणजे सगळ्यांचे चेहरे काळे. सासूबाईंनी लाट, म्हणजे दाणे पिळणारा लाकडी सोट, कशी फिरते, घाणीत, म्हणजे पिळायला टाकलेल्या दाण्यांत, पाणी किती आणि केव्हा शिंपडायचं हे दहा मिनिटं मनापासून सांगितलं. चालू मोटरच्या आवाजात त्यातला एक शब्दही रेकॉर्ड झाला नसणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दोन तासांत तो गेला. पोराची चूक नव्हती. जेवताना त्याने सांगितलं की त्याला दिवसाचे आठशे रुपये मिळतात आणि सरांना तो एकदाच भेटलाय.

फिल्म आली ऑक्टोबरच्या शेवटी. आम्ही सगळे मोबाइलभोवती बसलो. सुरुवातीला आकाशातून घेतलेलं दृश्य : हिरवीगार नारळाची बाग. आमच्याकडे नजर जाईल तिथे ऊस आहे. मग एक बैल घाणा ओढतोय. आमचे दोन्ही घाणे मोटरवर चालतात. मग काचेच्या बरणीत पडणारी तेलाची धार, पाण्यासारखी स्वच्छ, पिवळीधमक. शेंगदाण्याचं तेल घाण्यातून निघतं तेव्हा गढूळ असतं. ते तीन-चार दिवस निवळायला ठेवावं लागतं, आणि निवळल्यावरही असं दिसत नाही. आमच्या घाण्याची चित्रं दोन मिनिटांत जेमतेम पंधरा सेकंद. आणि त्यावर भारदस्त आवाजात निवेदन : ‘हृदयरोगावर रामबाण. डॉक्टरांची पहिली पसंती.’

असं आम्ही कधीच कुणाला सांगितलेलं नाही. मी लगेच फोन केला, हे वाक्य काढा म्हटलं. ‘ताई, हे मार्केटिंग आहे, सगळे करतात. बदल हवा असेल तर रिव्हिजनचे पैसे पडतील.’ तोवर त्याने फिल्म चॅनेलवर टाकलीही होती. दिवाळी तोंडावर आलेली, म्हणून मी तेव्हा गप्प बसले आणि उरलेल्यातले २० हजारही दिले. एकूण ८२ हजार. एका लिटरमागे आमच्या हातात साधारण चाळीस रुपये उरतात. म्हणजे दोन हजार लिटर तेलाची कमाई.

चार दिवसांत एक लाख बारा हजार व्ह्यूज झाले. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, आम्ही नातेवाइकांना पाठवला. फोन मात्र एकही आला नाही. दिवाळीला पुण्याहून भाचा आला. त्याने त्या माणसाकडून आकडे बघण्यापुरता चॅनेलचा प्रवेश मिळवला आणि मला शेजारी बसवून दाखवलं. लोकांनी फिल्म सरासरी सहा सेकंद पाहिली होती. बघणारे कुठले, ती यादी उघडली तर बहुतेक सगळे परदेशातले. महाराष्ट्र शोधावा लागला. ‘मामी, हे विकत घेतलेले व्ह्यूज आहेत,’ तो म्हणाला. मग त्याने चॅनेलचा मालक कोण आहे ते बघितलं. चॅनेल त्या माणसाच्या स्वतःच्या जीमेलवर काढलेलं होतं. आमच्या घाण्याचं नाव, आमचा लोगो, आमच्या सासूबाईंचा फोटो, आणि किल्ली त्याच्या खिशात. मालकी आमच्या नावावर करा म्हटलं तर उरलेले २७,५०० आणि वर ‘हँडओव्हर’चे दहा हजार मागितले.

पण पैशांपेक्षा जास्त लागलं ते डिसेंबरात. पुण्याला भीमथडी जत्रेत आमचा स्टॉल होता. साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले, हातात मोबाइल, त्यात आमची फिल्म. म्हणाले, ‘माझी बायपास झालीय. तुमचं तेल सुरू केलं तर गोळ्या हळूहळू बंद करता येतील ना?’ मी हातातला डबा खाली ठेवला. त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की काका, हे खाण्याचं तेल आहे, औषध नाही, एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ते म्हणाले, ‘पण तुम्हीच तर म्हटलंय.’ त्यांच्या दृष्टीने ते मीच म्हटलेलं होतं. त्यांनी तेल घेतलं नाही, आणि मलाही त्या दिवशी त्यांना विकवलं नसतं. त्याच दिवशी दुसऱ्या एक बाई डबा उजेडात धरून म्हणाल्या, ‘व्हिडिओत तर किती स्वच्छ होतं, हे गढूळ का?’ जे खरं आहे तेच आमचं भांडवल, आणि त्या फिल्मने आमचं खरं तेलच खोटं ठरवलं.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम ५३ खाण्याच्या पदार्थाच्या फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड सांगतं, हे मला वकिलांनी जानेवारीत सांगितलं. जाहिरातींतल्या दाव्यांचे वेगळे नियम २०१८ पासून आहेत. व्हिडिओवर परवाना क्रमांक आमचा आहे, त्यामुळे विचारणा आधी आम्हालाच होणार. खाण्याचा धंदा असणाऱ्या प्रत्येकाने निवेदनाची संहिता शूटिंगच्या आधी कागदावर मागावी आणि शब्द न् शब्द वाचावा.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. सोलापूरच्या चादरीच्या त्या व्हिडिओत दुकानाची पाटी दिसते, पाटीवर नंबर आहे. फोन लावला. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘ही फिल्म आमच्याकडे दुसऱ्याच मुलाने केली, तीन दिवस इथे राहून. तुमचा हा माणूस कोण, आम्ही नावही ऐकलेलं नाही.’ दोन मिनिटांचा फोन होता. उरलेल्या पाचांपैकी आणखी दोघांशी बोलणं झालं, तेच उत्तर. त्याच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, त्याचा २४ ने, म्हणजे गुजरातचा, आणि नाव निघालं एका कापड व्यापाऱ्याचं. हे तपासायला एक रुपया लागत नाही.

पोलिसांत आधी ‘हा पैशाच्या देवघेवीचा वाद आहे, दिवाणीत जा’ असंच ऐकावं लागलं. वकील म्हणाले, काम वाईट केलं एवढ्यावर फसवणूक ठरत नाही. देताना-घेतानाच त्याच्या मनात खोट होती हे दाखवावं लागतं. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, पण गाभा तोच. दुसऱ्यांची कामं स्वतःची म्हणून दाखवली आणि बिलावर भलत्याचा जीएसटी क्रमांक टाकला, या दोन गोष्टी पैसे घेण्याच्या वेळच्याच आहेत. म्हणून सोलापूरच्या मालकांचा लेखी जबाब, व्हॉट्सअॅपवरचे सहा व्हिडिओ तारखेसकट आणि बिल, असं सगळं जोडून पुन्हा अर्ज दिला. तो आता चौकशीत आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. आणि एक : पैसे देऊन आपण फिल्म करून घेतली की कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर, तिचे पहिले मालक आपण असतो. त्याच आधारावर वकिलांनी त्याला नोटीस पाठवली आहे.

यंदा मार्चमध्ये आम्ही पुन्हा व्हिडिओ केला. घरात कुणाचं मन नव्हतं, मीच हट्ट धरला. कराडमध्येच लग्नांचं शूटिंग करणारा एक मुलगा आहे. तो पहिल्या दिवशी कॅमेरा न घेता आला. सकाळी सहा ते दुपारी दोन घाण्यावर बसून राहिला, उजेड खोलीत कधी कुठून येतो ते वहीत लिहीत होता. पेंड चाखून बघितली. सासूबाईंना विचारलं, ‘आजी, दाणा बरोबर पिळला गेला हे तुम्हाला कशावरून कळतं?’ त्या म्हणाल्या, ‘आवाजावरनं.’ दुसऱ्या दिवशी त्याने मोटर बंद असताना त्यांच्या पदराला छोटा माइक लावून बोलणं वेगळं घेतलं आणि घाण्याची करकर वेगळी घेतली. फिल्ममध्ये आधी वीस सेकंद नुसती ती करकर आहे, मग सासूबाईंचा आवाज येतो : ‘आता बघा, आवाज बदलला.’ तेल गढूळच दाखवलंय, आणि चार दिवसांनी निवळलेलं शेजारी ठेवलंय. एका फिल्मचे २८ हजार. कागद एक पान : दोन दिवस, दोन माणसं, दोनदा दुरुस्ती फुकट, कच्चं चित्रीकरण हार्ड डिस्कवर आम्हाला, चॅनेल आमच्या जीमेलवर. आता गिऱ्हाईक डबा उचलून गढूळपणाबद्दल विचारत नाही. विचारतं, ‘आजी आल्यात का?’

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी जुन्या चॅनेलवरच्या नंबरवर १,८०० रुपये पाठवले, तेल आलं नाही. तो नंबर आमचा नाही. फिल्मखालचा आमचा नंबर त्या माणसाने बदललाय. त्यांना आम्ही तेल पाठवलं, आणि लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला सांगितलं, त्यांनी नोंदवलीय. आम्ही यूट्यूबकडेही तक्रार केली आहे, चॅनेल अजून चालू आहे. नारळाच्या बागेने सुरू होणारी, बैलाचा घाणा दाखवणारी ती फिल्म कुठे दिसली तर तिथल्या नंबरवर पैसे पाठवू नका. आमचा खरा नंबर फक्त डब्याच्या झाकणावर छापलेला असतो.