टोकियोत मिकानच्या पेट्या: ऑक्टोबर ते मे वापरून झाल्यावर

मी मूळची विदर्भातल्या वरूडची, मामाची संत्र्याची बाग होती, आंबिया बहार तुटायला लागला की घरात कॅरेटच्या कॅरेट यायचे आणि कोणी किती खाल्ली ते कोणी मोजत नव्हतं. टोकियोत निशी-कासाईला राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटात जाळीच्या पिशवीत सहा संत्री (इथल्या संत्र्याला मिकान म्हणतात) बघून मला हसूच आलं. सहा! आमच्याकडे एक माणूस बोलता बोलता एवढी संपवतो आणि सालं कोणाच्या ताटलीत टाकली तेही त्याला आठवत नाही.

दोन वर्षं तशीच पिशव्या आणत काढली. गेल्या ऑक्टोबरपासून मात्र पेटी मागवायला लागलो, मे संपेपर्यंत सगळ्या मिळून सात पेट्या झाल्या, तर आता बोलायला हरकत नाही. पाचातले साडेचार देईन. अर्धा का कापला ते सांगतेच, चूक माझीच होती तरी कापला.

पेटी म्हणजे पुठ्ठ्याचा खोका, पाच किलो नाहीतर दहा किलो, शेतकऱ्याकडून नाहीतर गावच्या सोसायटीकडून कुरिअरने थेट दारात. ऑर्डर करताना "वाके-आरी" असा शब्द दिसला तर डोळे झाकून तोच घ्या. अर्थ असा की मालात काहीतरी खोट आहे, पण ती खोट म्हणजे सालीवर वाऱ्याने फांदी घासल्याचे डाग, नाहीतर साइझ एकसारखे नाहीत, बस. आत फळ तेच. मला दहा किलो साधारण ४,००० येनला पडले, तोच माल चकाचक लावलेला असता तर जवळपास दुप्पट गेला असता. अजून एक गंमत, आमच्याकडे बारक्या फळाला चुरी म्हणतात आणि व्यापारी ती बाजूला काढून पाडून भाव देतो, इथे लोक एस साइझ मुद्दाम मागून घेतात कारण बारकं फळ जास्त गोड लागतं म्हणे. मामाला सांगितलं तर तो फोनवर दोन मिनिटं काही बोललाच नाही.

आता पहिल्या पेटीचं. ऑक्टोबरात आली, वाकायामा प्रांतातली, साल अजून अर्धी हिरवीच. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "कच्चेच तोडले काय वं त्यायनं?" कच्चे नाहीत, हा लवकरचा प्रकार असतो, साल हिरवी राहते आणि आत तयार असतं, थोडं आंबट पण मस्त. मी काय केलं, वरची दहा-बारा काढून घेतली आणि झाकण लावून पेटी स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला ढकलली, जिथे गरम हवा येते नेमकी तिथे. आठव्या दिवशी वास यायला लागला. उघडून बघते तर वरची ठणठणीत, तळाची दबून फुटलेली आणि त्यांच्यावर हिरवी-पांढरी बुरशी, हात लावला की भुकटी उडायची. पंधरा-वीस फळं टाकली. अन्न टाकताना पोटात कालवतं ना, तसं झालं.

खालच्या मजल्यावरच्या आजी कचऱ्याच्या दिवशी भेटल्या, त्यांनी माझी पिशवी बघितली आणि न विचारता शिकवलं. पेटी आली की आधी उलटी करायची आणि तळाकडून उघडायची, कारण पहिली खराब होणारी तिथेच असतात. सगळी बाहेर काढायची, फुटलेली, मऊ पडलेली त्याच दिवशी संपवायची. बाकीची देठ खाली करून वर्तमानपत्रावर मांडायची, दोन थरांपेक्षा जास्त नाही, आणि पेटी दाराजवळ जिथे चपला काढतो त्या थंड जागी ठेवायची, झाकण उघडं. तेव्हापासून एकेक पेटी तीन आठवडे चालली, फार तर एखाददुसरं फळ गेलं. हे सगळं खोक्यावर छापायला काय हरकत आहे? तो अर्धा मार्क यासाठी गेला.

चवीबद्दल खरं सांगते, नोव्हेंबर-डिसेंबरचं मिकान हे नागपुरी संत्रं नाही आणि तशी अपेक्षा ठेवून खाल्लं तर नाराज व्हाल. बी नाही, फोडीचं कातडं इतकं पातळ की सोलायची गरज नाही, गोड एकदम, पण आपल्या संत्र्यात गोडाच्या मागून जो आंबट झटका येतो आणि सोलताना जो वास नाकात घुसून डोळे मिटायला लावतो, तो इथे कमी. पोरांना मात्र हेच आवडतं. माझी मुलगी पाच वर्षांची, तिच्या शाळेत तिला वाकायामा पद्धतीने सोलायला शिकवलं, आता मीही तसंच सोलते: देठाच्या उलट्या बाजूने अंगठा घालायचा, सालीसकट दोन भाग, मग परत दोन, देठाशी साल तुटू न देता असे चार पाव झाले की टोकाकडून फोडी ओढून घ्यायच्या, पांढऱ्या शिरा सालीलाच चिकटून राहतात. सात सेकंदात काम होतं आणि साल एका तुकड्यात फुलासारखी उरते.

इतकं सोपं असल्याने मोजमाप राहत नाही हा एक धोका. जानेवारीत मुलीचे तळहात पिवळे दिसायला लागले, नाकाचा शेंडाही. माझ्या डोक्यात पहिलं कावीळ आली, नवऱ्याला ऑफिसमधून बोलावून घेतलं, क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले, पांढरे स्वच्छ, आणि हसत विचारलं, रोज मिकान किती खाते? आम्ही एकमेकांकडे बघितलं. सात-आठ. त्यात बीटा-क्रिप्टोझॅन्थिन म्हणून रंगद्रव्य भरपूर असतं, ते कातडीत साठतं, बाकी त्रास काही नाही, कमी केलं की उतरतं. काविळीत डोळे पिवळे होतात, यात होत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा आणि माझ्यासारखी धावपळ करू नका (डोळे पिवळे असतील तर मात्र धावा).

खरी मजा जानेवारीनंतर आहे, आणि बहुतेक आपले लोक नेमके तेव्हा कंटाळून पेटी बंद करतात. मिकान संपत आलं की एहिमे प्रांतातलं इयोकान येतं, आणि पोनकान. पोनकान खाल्लं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. सैल साल, बिया, तो वास, सगळं घरचं. चौकशी केली तर इथे असं सांगतात की हे फळ मूळचं भारतातलं आणि नावातलं "पोन" म्हणजे पूना! आता बघा, जीआय टॅग नागपूरच्या संत्र्याला, वर्षानुवर्षं बागा आम्ही जपायच्या आणि जपानात नाव लागलं पुण्याचं. नवरा पुण्याचा आहे, त्याने पोनकानचं स्टिकर फ्रिजला चिकटवून ठेवलंय.

देकोपोन हे त्याच पोनकानचं पोर, कियोमी नावाच्या फळाशी संकर करून १९७२ साली नागासाकीत तयार केलेलं, डोक्यावर गाठोडं बांधल्यासारखा उंचवटा असतो. चवीला सगळ्यात वरचं, पण एकेक फळ ३०० येनच्या पुढे. इथे एक युक्ती सांगते. साखर (ब्रिक्स या गोडीच्या मापात) १३ अंश किंवा वर आणि आंबटपणा १ टक्क्याच्या आत असेल तरच देकोपोन हे नाव लावता येतं, त्यात न बसलेलं किंवा शेतकरी संघाच्या व्यवस्थेबाहेर विकलेलं तेच फळ शिरानुइ नावाने स्वस्तात मिळतं. मी शिरानुइची पाच किलोची पेटी घेतली, दोन आठवडे तशीच थंड जागी ठेवली, आंबटपणा उतरला आणि मग जे लागलंय ना, पाहुण्यांना देताना नाव देकोपोनच सांगितलं.

मार्चमध्ये कोचीचं (केरळचं नव्हे, जपानातलं कोची) बुंतान, म्हणजे आपलं पपनसच, साल इतकी जाड की मुलीने वाटी म्हणून भातुकलीत घेतली. त्याच्या आसपास हास्साकु, कडवट, ते मला आणि नवऱ्यालाच आवडतं, मीठ-तिखट लावून. आणि शेवटी अमानात्सु, मोठं, आंबट-गोड संत्र्यासारखं फळ.

नुसती खायची नाहीत अशी दोन फळंसुद्धा सांगते. युझू, लिंबासारखं सुवासिक फळ: डिसेंबरात वर्षातली सगळ्यात मोठी रात्र असते त्या दिवशी गरम पाण्याच्या टबात ही फळं अख्खी सोडून अंघोळ करतात. आम्ही पाच सोडली, मला दिवाळीच्या पहाटेचं उटणं आठवलं, मुलीने एक फळ पिळलं आणि मग "खाजतंय खाजतंय" करत बाहेर, सालीतलं तेल कोवळ्या कातडीला चावतं, पिळू नका. त्याच युझूची हिरवी साल, हिरवी मिरची आणि मीठ वाटून बनवलेलं युझू-कोशो बाटलीत मिळतं, तो सरळ सरळ ठेचा आहे, भाकरीबरोबर खाऊन बघा.

दुसरं लिंबू, लोणच्यासाठी. बाहेरून आलेल्या लिंबांवर बुरशी लागू नये म्हणून औषध मारलेलं असतं आणि दुकानात तसं लिहूनही ठेवतात, आणि लोणच्यात तर आपण साल खातो. म्हणून हिरोशिमाची लिंबं घ्या, सालीला काही न लावलेली. कागदी लिंबाची सर नाही, साल जाड, त्यामुळे महिन्याऐवजी अडीच महिने मुरवावं लागलं, पण मुरलं.

एकटे राहत असाल तर दहा किलोच्या नादी लागू नका, पाचची घ्या. आईचं मत वेगळं आहे, "दहा किलोनं काय होते वं बाई", पण तिच्याकडे आल्यागेल्याला द्यायला गाव आहे. मी शेवटच्या अमानात्सुच्या पेटीतली सहा फळं खालच्या आजींना नेऊन दिली, दुसऱ्या दिवशी त्यांनी साखरेत पाकवलेल्या त्याच्या सालींचा डबा परत आणून दिला. रिकाम्या खोक्यात सध्या कांदे ठेवलेत. पुढच्या ऑक्टोबरची ऑर्डर ऑगस्टात सुरू होते, मी मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवलाय.