स्वयंचलित पडदे: घड्याळावर चालणारे की संवेदकावर?

खिडकीतून आलेले ऊन फरशीवर आणि सामानावर पडून उष्णतेत बदलते आणि ही उष्णता काचेतून सहजासहजी बाहेर पडत नाही. म्हणूनच ऊन आत शिरण्याआधी पडदा पडणे महत्त्वाचे. छोट्या विजेच्या मोटारीने आपोआप उघडबंद होणाऱ्या पडद्यांचा खरा उपयोग इथेच आहे. प्रश्न एवढाच, की मोटारीला हुकूम घड्याळाने द्यायचा की ऊन मोजणाऱ्या संवेदकाने (सेन्सरने)?

घड्याळाची व्यवस्था साधी आणि तुलनेने स्वस्त असते. पूर्वेकडचे पडदे सकाळी आणि पश्चिमेकडचे दुपारनंतर पडतात, तर थंडीच्या रात्री सगळेच बंद होतात. मात्र दिवसभर आभाळ भरून आलेले असले तरी ठरल्या वेळी पडदा पडतोच, आणि मग भर दिवसा दिवे लावून वाचवलेल्या विजेतला काही भाग पुन्हा खर्च होतो.

संवेदक प्रत्यक्ष ऊन मोजत असल्यामुळे ढगाळ दिवशी पडदा उघडा ठेवतो. तरीही केवळ प्रकाश मोजणारा संवेदक घेऊ नये. हिवाळ्यात हवेहवेसे वाटणारे ऊनही तो इमानेइतबारे अडवतो, म्हणून त्याला खोलीच्या तापमानाची जोड हवीच. शिवाय एखादा ढग सरकला की पडदा खाली-वर होऊ नये, यासाठी काही मिनिटांचा विलंब ठेवावा लागतो, आणि संवेदकावर धूळ किंवा झाडाची सावली पडली तर सगळाच हिशेब चुकतो.

दिवसा घर रिकामे राहत असेल, तर उन्हाळ्यात घड्याळ पुरेसे आहे. पश्चिमेच्या मोठ्या काचेसाठी मात्र मी संवेदकच निवडेन.