सुपारी घ्यायची की परत करायची?

परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या बाजूने उभं राहायचं ठरलं की वाद्यवृंदापुढे दोनच वाटा उरतात. त्यांच्यासाठी गायचं, नाहीतर त्यांना हिणवणाऱ्यांकडे गायला जायचं नाही. आम्ही दोन्ही केलं आहे, म्हणून लिहितो.

बहिष्कारात ताकद आहे, हे मान्यच. २०१० मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्याने एसबी १०७० हा कायदा केला. पोलिसांनी काही कारणाने अडवलेला माणूस बेकायदा स्थलांतरित असल्याचा संशय आला, की त्याचा देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा तपासायचा. त्याविरुद्ध रेज अगेन्स्ट द मशीन या रॉक बँडच्या झॅक डे ला रोचाने ‘साउंड स्ट्राइक’ पुकारला आणि कान्ये वेस्टसारख्या मोठ्या नावांनी त्या राज्यात न गाण्याचं जाहीर केलं. त्यांच्या न जाण्याचीही बातमी झाली. मात्र त्याच जुलैत या मंडळींनी अ‍ॅरिझोनातल्या संघटनांना निधी मिळावा म्हणून लॉस एंजेलिसमध्ये मैफल केली. नकार देणाऱ्यांनाही शेवटी गावंच लागलं. गायिका लेडी गागा तर थेट अ‍ॅरिझोनाच्या राजधानीत, फिनिक्सला गेली आणि मंचावरूनच कायद्याविरुद्ध बोलली.

आमचं नाव एवढं मोठं नाही. गणपतीत एका मंडळाच्या कार्यकर्त्याने ‘बाहेरची पोरं मंडपात नकोत’ असं माईकवर सांगितलं, आणि आम्ही सुपारी परत केली. आमच्या वेळेला तिथे डॉल्बी लागला. आमच्या ढोलकीवाल्याची ऐन हंगामातली एक रात्र बुडाली, तेही सोसलं असतं. पण पुढच्या आठवड्यात फाउंड्रीतल्या एका बिहारी पोराने विचारलं, “भैया, उस दिन आप लोग आए क्यों नहीं?” मंडपाबाहेर रस्त्यावर उभा राहून तो आमची वाट बघत होता. आम्हीही ‘त्यांच्यातलेच’, असं त्याला वाटलं होतं. ज्याच्यासाठी नकार दिला त्यालाच तो कळला नव्हता. ते मला अजून खुपतं.

पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीजवळच्या एका वस्तीत आम्ही कार्यक्रम केला. आमच्या निवेदिकेने अल्लादिया खाँसाहेबांची आठवण काढली. राजस्थानातून आलेल्या या गवयाला शाहू महाराजांनी दरबारात मान दिला, आणि आज कोल्हापूर त्यांना आपलंच म्हणतं. हे बोलायला मंच लागतो. नंतर एका पोराने ढोलक मागून घेतला आणि भोजपुरी निर्गुण म्हटलं. हार्मोनियम धरताना माझी तारांबळ उडाली, पण बायाबापड्या उठल्या नाहीत.

मैफलीची डोकेदुखी म्हणजे हिशेब. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १ ऑगस्ट १९७१ ला बीटल्स बँडचे जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम केला. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले, पण रेकॉर्डचे पैसे कराच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकले. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या नादी लागू नका. पेटीत जमेल ते त्याच रात्री मोजून, वस्तीतल्या दोघांच्या सह्या घेऊन द्यायचं.

प्रत्येकाची गोष्ट वेगळी असेल. आयोजकाने द्वेष थेट पोस्टरवरच छापला असेल, तर मीही जाणार नाही. फक्त नकार द्यायच्या आधी वस्तीत जाऊन तो सांगून या. आयोजकाला पत्र मागाहून पाठवता येतं.