रास्पबेरी पायला बटण कुठे हवं: केबलमध्ये, भिंतीवर की बोर्डावर?

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावर मावणारा छोटा संगणक. त्याच्या पाय ३, पाय ४ किंवा झिरो २ डब्ल्यू या बोर्डांवर चालू-बंदचं बटण नाही. पिन लावली की चालू, उपसली की बंद. रोज अशी काढघाल झाली की बोर्डावरचं यूएसबीचं सॉकेट ढिलं पडतं. मग झेडपी शाळेतला संगणक असो, ग्रामपंचायतीतला सूचना दाखवणारा टीव्ही असो की वावरातल्या ठिबकचा कंट्रोलर, मधे बटण असलेली केबल घ्यावी का हा प्रश्न येतोच.

घ्यावी, पण बटण नंतर पाहा, आधी आतलं तांबं पाहा. पायचा अधिकृत ॲडॅप्टर ५.१ व्होल्ट देतो. बोर्डाशी व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय ३ आणि ४ वरचा लाल दिवा विझतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं आणि प्रोसेसरचा वेग कमी होतो. म्हणजे केबल आणि बटण मिळून जेमतेम ०.४७ व्होल्ट खाऊ शकतात. आता हिशेब करा. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा. २८ गेजच्या एक मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.४३ ओहम. एक अँपिअरलाच सगळी सवलत संपली. २४ गेजचा ०.१७ ओहम, म्हणजे ३ अँपिअरला अर्धा व्होल्ट गेला. २० गेजचा ०.०७ ओहम, ३ अँपिअरला ०.२ व्होल्ट. हे चालतं. केबलच्या सालीवर बारीक अक्षरांत गेज छापलेलं असतं, बऱ्याचदा दोन आकड्यांत: पहिला डेटाच्या तारांचा, दुसरा पॉवरच्या. आपल्याला दुसरा हवा आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. काहीच छापलेलं नसेल तर ती केबल झिरोसाठी ठेवा. लांबी अर्धी केली की नुकसानही अर्धं, म्हणून दीड मीटरच्या केबलपेक्षा ३० सेंटीमीटरचा, एका टोकाला नर आणि दुसऱ्या टोकाला मादी असलेला बटणाचा तुकडा चांगल्या केबलला जोडणं बरं.

गावात व्होल्टेज कमी असतं म्हणून पाय अडखळतो, असा बऱ्याच जणांचा समज आहे. ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर लाइन १७० वर आली तरी पलीकडे ५ व्होल्टच निघतात. दोष बहुधा केबलमध्येच सापडतो.

बटणाचे प्रकार तीन. सरकतं बटण स्वस्त असतं, पण त्याची फट उघडी राहते. जिनिंगजवळच्या गावात किंवा कापूस साठवलेल्या खोलीत त्यात तंतू आणि धूळ शिरते, कॉन्टॅक्टचा रोध वाढतो आणि बटण गरम व्हायला लागतं. दाबलं की अडकणारं, वर रबरी टोपी असलेलं बटण इथे जास्त टिकतं. तिसरं हलक्या स्पर्शाचं इलेक्ट्रॉनिक बटण. ते दिसायला छान, पण त्यातली बरीचशी लाइट जाऊन आली की बंदच राहतात. भारनियमन असलेल्या ठिकाणी हे मुळीच घेऊ नका. अडकणारं बटण आपल्या जागी राहतं आणि लाइट आली की पाय आपोआप सुरू होतो. घेताना त्यावर ३ अँपिअर लिहिलंय ना, ते बघा.

टाइप-सीमध्ये आणखी एक खोच आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर ॲडॅप्टर आधी सीसी नावाच्या तारेवर पलीकडे कोण आहे ते तपासतो आणि मगच व्होल्टेज सोडतो. स्वस्त बटणवाल्या तुकड्यात ही तार पुढे गेलेलीच नसते, त्यामुळे सगळं नवं असूनही काहीच चालू होत नाही. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असेल तर ही अडचण येत नाही. पाय ५ ला ५ अँपिअर हवेत. ते द्यायचे की नाही हे ॲडॅप्टर आणि पाय आपसांत तारेवरून ठरवतात. मधल्या बटणामुळे ती बोलणी बिघडली तर यूएसबी पोर्टांना मिळून १.६ ऐवजी ०.६ अँपिअरच मिळतात आणि बाहेरची हार्डडिस्क अडते. पाय ५ वर मुळात बटण आहे आणि बाहेरून बटण जोडायची जागाही आहे. त्याला मधलं बटण लावूच नका.

भिंतीवरच्या बोर्डाचं बटण फुकटचं आहे आणि एक काम तेच करू शकतं: ॲडॅप्टर लाइनपासून तोडणं. केबलमधलं बटण बंद केलं तरी ॲडॅप्टर लाइनवरच असतो. मृगाच्या विजा कडाडत असताना तर भिंतीवरचं बटणही पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असू शकतात, म्हणून पिनच काढावी. मात्र एकाच एक्स्टेंशनवर टीव्ही, राउटर आणि पाय असतील तर एकट्या पायसाठी केबलमधलं बटण सोयीचं पडतं.

ही दोन्ही बटणं नुसती वीज तोडतात, संगणक नीट बंद करत नाहीत. मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली तर कार्ड खराब होऊ शकतं. पाय ३, ४ आणि झिरोवर यावर अगदी स्वस्त उपाय आहे: दाबून सोडायचं साधं बटण बोर्डावरच्या ५ आणि ६ नंबरच्या पिनांना जोडा आणि कॉन्फिग फाइलमध्ये (पायच्या सेटिंगची फाइल) जीपीआयओ-शटडाउनचा ओव्हरले, म्हणजे बटणाने बंद करायची तयार सोय, चालू करा. एकदा दाबलं की व्यवस्थित बंद, पुन्हा दाबलं की सुरू. हिरवा दिवा थांबला की मग केबलमधलं बटण दाबा. फक्त एक अडचण: तापमान-आर्द्रतेचा आयटूसी सेन्सर (दोन तारांवरून माहिती पाठवणारा) ३ आणि ५ नंबरच्या पिनाच वापरतो. वावरात असा सेन्सर लावला असेल तर बंद करायचं बटण दुसऱ्या पिनेवर घ्या. तिथून सुरू मात्र होणार नाही. त्यासाठी केबलमधलं बटण लागेलच. म्हणजे अशा ठिकाणी दोन्ही हवीत.

बटणाची केबल स्वतः बनवायची असेल तर ०.७५ चौरस मिलिमीटरची दोन पदरी लवचिक वायर, ६ अँपिअरचा छोटा रॉकर स्विच आणि हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) लागते. फक्त लाल तार स्विचमधून न्या, काळी सलग ठेवा, जोड सोल्डरच करा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात ४५ अंशांत ढिला होतो. पायची डबी उन्हात ठेवू नका आणि वायर उंदरांच्या वाटेवरून नेऊ नका.

केबलमधलं बटण बंद केल्यावरही लाल दिवा मिणमिणत असेल तर बटणाला दोष देऊ नका. स्वतःचा ॲडॅप्टर असलेल्या यूएसबी हबमधून किंवा टीव्हीच्या एचडीएमआयमधून उलटी वीज येते आहे. हब आधी बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी पाय नीट सुरू होत नाही.

विकत घेतलेली असो की बनवलेली, केबल तपासायची रीत एकच. पायवर व्हिडिओ लावा, पेनड्राइव्ह खोचा आणि मल्टिमीटरचा लाल प्रोब ४ नंबरच्या पिनेवर, काळा ६ नंबरच्या पिनेवर धरा. प्रोब घसरून शेजारच्या पिनेला लागू देऊ नका, बोर्ड जळेल. ४.९ च्या वर आकडा असेल तर निश्चिंत राहा. ४.७ च्या आसपास असेल तर आधी केबल आखूड करा, तरीही फरक पडला नाही तर बटण बदला.